घुमटाखालचा नकाशा

मुंबईत रीगल सिनेमासमोरच्या श्यामाप्रसाद मुखर्जी चौकात उभं राहावं आणि सावकाश चारी बाजूंना पाहावं. एकीकडे खलाशांसाठी बांधलेलं जुनं दगडी वसतिगृह दिसतं. फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्सने ते 1876 साली पुरं केलं. पुढे तिथे मुंबई प्रांताचं विधिमंडळ भरू लागलं आणि आज तिथे राज्याचं पोलीस मुख्यालय आहे. व्हीटी स्टेशन बांधणारा स्टीव्हन्स तो हाच. रीगल 1933 चं, त्याच्या मुलाचं, चार्ल्स स्टीव्हन्सचं. बापाचं गॉथिक आणि मुलाचं आर्ट डेको एकमेकांकडे पाहत उभं आहे आणि मधल्या साठ वर्षांत शहराची आवड कुठून कुठे गेली ते तिथल्या तिथे कळतं. पण या चौकातलं खरं कोडं बापलेकांचं नाही. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचा भला थोरला घुमट दख्खनच्या सुलतानांची आठवण करून देतो. रस्ता ओलांडला की विज्ञान संस्थेची इमारत लागते, ती मात्र युरोपातल्या प्रबोधनकाळाच्या वळणाची. या दोन्ही इमारती एकाच माणसाच्या आहेत. मधली काही वर्षं तर दोन्हींची कामं एकाच वेळी चालू होती.

त्या माणसाचं नाव जॉर्ज विटेट. गेटवे ऑफ इंडियाचा वास्तुरचनाकार म्हणून स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकात तो एका ओळीत भेटतो आणि तिथेच संपतो. लुटियन्सचं नाव एका अख्ख्या दिल्लीला चिकटलं आहे. विटेटचं नाव मुंबईतही फार थोड्यांच्या ओठांवर आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. तक्रार वेगळी आहे. त्याच्या इमारतींवर आपण शंभर वर्षं जो वाद घातला, तो चुकीच्या जागी घातला. घुमट आमचे की त्यांचे, ही इंडो-सारासेनिक शैली म्हणजे देशी कलेला दिलेली दाद की राज्यकर्त्याने चढवलेला सोयीचा अंगरखा, यावर भरपूर शाई खर्च झाली. अंगरख्याखाली शरीर कसं आहे, म्हणजे इमारतीचा नकाशा कसा आहे, माणूस आत कुठून येतो, सावली कुठे पडते, वारा कुठून वाहतो, गर्दी कुठे थांबते आणि कुठे पांगते, हे मात्र फार थोड्यांनी विचारलं. विटेटचं मोठेपण आणि त्याच्या मर्यादा, दोन्ही त्या नकाशात आहेत असं मला वाटतं.

त्याचा जन्म 1878 चा, स्कॉटलंडमधल्या ब्लेअर अॅथॉल या गावचा. पर्थमध्ये एका वास्तुरचनाकाराच्या हाताखाली तो शिकला, एडिंबरा आणि यॉर्कमध्ये त्याने नोकरी केली आणि 1904 साली तो मुंबईला आला. तेव्हा जॉन बेग हा मुंबई सरकारचा सल्लागार वास्तुरचनाकार होता. विटेट त्याचा सहायक झाला. पुढे बेगला भारत सरकारकडे बढती मिळाली आणि तिशीतल्या विटेटकडे ते पद आलं. या पदाकडे थोडं लक्ष द्यायला हवं. त्याआधी सरकारी इमारती बहुतेक करून लष्करी इंजिनिअर आणि सार्वजनिक बांधकाम खातं बांधत असे. मोठ्या दिमाखाचं काम निघालं की विलायतेतून नकाशे मागवले जात. मुंबई विद्यापीठाचा पदवीदान सभागार आणि राजाबाई टॉवर यांचा आराखडा करणारा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट आयुष्यात कधी हिंदुस्थानात आला नाही. त्याने लंडनमध्ये बसून रेघा मारल्या आणि इथे त्या दगडात उतरल्या. विटेटला मात्र त्याच गावात राहायचं होतं, तोच पावसाळा काढायचा होता, आणि आपण बांधलेल्या इमारतीसमोरून रोज जायचं होतं. सरकारची इमारत चांगली झाली की वाईट, याला जबाबदार असं नाव आणि चेहरा असलेला माणूस त्या पदामुळे मिळाला. वसाहतीच्या कारभारात कौतुक करावं अशा गोष्टी थोड्या आहेत. त्यांत मी या पदाचा समावेश करतो.

संग्रहालयाची कथा 1905 पासून सुरू होते. पुढे पाचवा जॉर्ज झालेला युवराज त्या वर्षी मुंबईत येणार होता. शहरातल्या प्रतिष्ठित नागरिकांनी त्याच्या भेटीचं स्मारक म्हणून संग्रहालय उभारायचं ठरवलं आणि 11 नोव्हेंबर 1905 रोजी युवराजाच्या हस्ते पायाभरणी झाली. जागा सरकारने दिली, पैशाचा मोठा वाटा मात्र शहरातल्या धनिकांचा. सर करीमभाई इब्राहिम यांनी एकट्यांनी तीन लाख रुपये दिले. 1909 साली खुल्या स्पर्धेतून विटेटचा आराखडा निवडला गेला.

विजापूरच्या गोलघुमटाचा त्याच्यावर ठसा होता, हे सगळेच सांगतात. पण ठसा कशाचा, हे पाहिलं पाहिजे. गोलघुमटाची बाहेरची आकृती कुणालाही उचलता येते. त्याचं खरं कौशल्य आत आहे. खालची खोली चौकोनी आणि वरचा घुमट गोल, मग चौकोनावर गोल बसवायचा कसा? विजापूरच्या कारागिरांनी आठ कमानी एकमेकींना छेदत नेल्या, त्यातून दोन चौकोन एकमेकांवर तिरपे बसल्यासारखी चांदणी तयार झाली आणि त्या चांदणीने घुमटाचा भार अलगद भिंतींवर उतरवला. संग्रहालयाच्या मधल्या दालनात उभं राहून मान वर केली की विटेटने हाच आतला विचार उचलला आहे, हे दिसतं. एका चौकोनाला गोलाकडे नेण्याची दख्खनी रीत तो शिकला आणि त्याने ती वापरली. बाहेरचे छज्जे, झरोके, मिनारांचे छोटे कळस यांत मात्र सरमिसळ आहे. तिथे मुघल आहेत, गुजरात आहे, दख्खन आहे. तिथे त्याचा हात शोभेसाठी चालतो. याच इमारतीत विद्यार्थी विटेट आणि सजावटकार विटेट असे दोघेही भेटतात आणि पहिला दुसऱ्यापेक्षा कितीतरी सरस आहे.

दगडही पाहावा. कुर्ल्याचा करडा-निळसर बेसाल्ट आणि मालाडचा पिवळसर दगड, दोन्ही शहराच्या जवळचे. मालाडचा दगड उन्हात मधासारखा उजळतो, पावसात गडद होतो. रेल्वेने किंवा गलबताने लांबून संगमरवर आणण्यापेक्षा जवळच्या खाणीचा दगड आणि तो घडवणारे जवळचे पाथरवट वापरले, म्हणून ही इमारत शहराच्या मातीतून वर आल्यासारखी वाटते. भोवती बाग आहे. रस्त्याचा गोंगाट दारापर्यंत येता येता मावळतो. आत पोचल्यावर माणूस आधी घुमटाखालच्या मोठ्या दालनात येतो, तिथून दोन्ही हातांना आणि वर जिन्याने मजल्यामजल्यावर दालनं फुटत जातात. कधीही परत मधल्या जागी येता येतं, म्हणून वाट चुकत नाही. शाळेच्या सहलीतली शंभर मुलंही इथे हरवत नाहीत, याचं श्रेय शिक्षकांच्या शिट्टीइतकंच नकाशालाही आहे.

या नकाशाची खरी परीक्षा संग्रहालय उघडण्याआधीच झाली. इमारत 1914 साली तयार झाली आणि पहिलं महायुद्ध पेटलं. मूर्ती आणि चित्रं येण्याऐवजी तिथे जखमी सैनिक आले. लष्करी रुग्णालय म्हणून आणि बालकल्याण केंद्र म्हणून ती वापरली गेली. संग्रहालयाच्या मंडळाच्या ताब्यात ती 1920 साली आली आणि लोकांसाठी 10 जानेवारी 1922 रोजी उघडली. बुद्धमूर्तीसाठी आखलेल्या दालनात रुग्णाची खाट मावते, याचा अर्थ दालन नीट आखलं होतं. उंच छत, भरपूर उजेड, खेळती हवा, रुंद जिने यांना धर्म नसतो, शैली नसते. वरचा घुमट विजापुरी असो की रोमन, या गोष्टी असल्या की इमारत बदलत्या काळाला पुरून उरते.

आता त्या मधल्या दालनातलं लाकूडकाम. नाशिकच्या एका जुन्या वाड्यातलं कोरीव कमानींचं काम विटेटने विकत घेतलं आणि इथे वरच्या मजल्याच्या गोल कठड्यात बसवलं. ते पाहताना मला दर वेळी दोन गोष्टी एकाच वेळी वाटतात. एका परक्या माणसाने मराठी सुताराच्या हाताला इतका मान दिला, त्याचं काम शहरातल्या सर्वांत मानाच्या इमारतीच्या काळजाजवळ ठेवलं, याचा आनंद होतो. आणि त्याच क्षणी असं वाटतं की तो सुतार, किंवा त्याचा नातू, या इमारतीवर कामाला असता तर? त्याला नवं काही कोरायला सांगितलं असतं तर? जुना वाडा सोडवून आणलेली कमान म्हणजे आदर आहे, पण तो गेलेल्या माणसाला दिलेला आदर आहे. जिवंत कारागिराला नवा विचार करू देणं हा वेगळा आदर असतो. तो विटेटच्या काळाने दिला नाही.

हा आक्षेप माझा नाही आणि आजचाही नाही. त्याच काळात, 1913 साली, ई. बी. हॅवेल या ब्रिटिश कलाशिक्षकाने हिंदुस्थानी वास्तुकलेवरच्या आपल्या पुस्तकात हा मुद्दा जोरात मांडला होता. हॅवेलचं म्हणणं असं की हिंदुस्थानची वास्तुकला ही घुमट-कमानींच्या नमुन्यांची पेटी नाही. ती पिढ्यान्‌पिढ्या शिकलेल्या मिस्त्रींच्या डोक्यात आणि हातात जिवंत आहे. नवी दिल्ली बांधायचीच असेल तर ती त्यांना बांधू द्या. इंग्रजी वास्तुरचनाकाराने कागदावर आकार ठरवायचे आणि मिस्त्रीने ते निमूट दगडात उतरवायचे, ही रीत देशी आकार वापरूनही देशी परंपरा मारते. हॅवेलचं ऐकलं गेलं नाही.

मला हॅवेलचं म्हणणं पटतं आणि म्हणूनच विटेटला सरसकट दाद देता येत नाही. पण या युक्तिवादातही एक भाबडेपणा आहे. मुंबईत तोवर मिस्त्री आणि इंग्रज साहेब एवढेच दोघे उरले नव्हते. मध्ये एक तिसरा वर्ग उभा राहिला होता: नकाशे काढणारे, हिशेब मांडणारे, कामावर देखरेख करणारे देशी इंजिनिअर आणि कंत्राटदार. व्हीटीच्या कामावर स्टीव्हन्सबरोबर सीताराम खंडेराव वैद्य आणि माधवराव जनार्दन हे होते. पुढे 1903 साली उघडलेल्या ताजमहाल हॉटेलच्या आराखड्याचं काम वैद्य यांनी डी. एन. मिर्झा यांच्याबरोबर केलं. गेटवेच्या बांधकामावर रावबहादूर यशवंतराव हरिश्चंद्र देसाई होते. ही माणसं ‘निमूट हात’ नव्हती. भरावाच्या जमिनीवर हजारो टन दगड उभा करायचा तर त्याचं गणित त्यांना येत होतं. इतिहासाने त्यांची नावं तळटीपेत टाकली, कारण इमारतीचा कर्ता म्हणजे तिचं चित्र काढणारा, अशी आपली समजूत झाली. विटेट थोर होता म्हणताना ही समजूत मोडली पाहिजे, नाहीतर त्याचा सन्मान करता करता आपण यशवंतरावांना पुन्हा एकदा पुसून टाकू.

विटेटने स्वतः या बाबतीत दार थोडं उघडलं होतं, हेही नोंदवावं. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये वास्तुकला शिकून बाहेर पडलेल्या तरुणांनी 1917 साली आपली संघटना काढली. तिचा पहिला अध्यक्ष विटेट होता. आजची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स ही संस्था त्याच संघटनेतून वाढली. सरकारी पदावरचा ब्रिटिश माणूस देशी विद्यार्थ्यांच्या संघटनेचं अध्यक्षपद घेतो, ही त्या काळी लहान गोष्ट नव्हती. मिस्त्रीच्या हातातला अधिकार काढून घेतला गेला होता. तो निदान पुढच्या पिढीतल्या देशी वास्तुरचनाकाराकडे जाण्याची वाट त्यातून तयार झाली.

गेटवे ऑफ इंडिया मात्र माझ्या युक्तिवादापुढे अडचण उभी करतो. मी म्हणतो नकाशा पाहा. पण दरवाजाला नकाशा कसला? आत कामाच्या खोल्या नाहीत, राहायचं कुणी नाही. ती शुद्ध शोभा आहे. 2 डिसेंबर 1911 रोजी राजा पाचवा जॉर्ज आणि राणी अपोलो बंदरावर उतरले तेव्हा ही कमान नव्हतीच, त्यांचं स्वागत तात्पुरत्या मंडपात झालं. ज्या क्षणाचं ते स्वागतद्वार, तो क्षण उलटून गेल्यावर ते बांधलं गेलं. विटेटच्या आराखड्याला 1914 साली मंजुरी मिळाली, पुढची काही वर्षं समुद्रात भिंत घालून भराव टाकण्यात गेली, आणि 4 डिसेंबर 1924 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगच्या हस्ते उद्घाटन झालं. खर्च सुमारे 21 लाख रुपये, उंची 26 मीटर, मधल्या घुमटाचा व्यास 48 फूट. सोळाव्या शतकातल्या गुजरातच्या मशिदींकडून घेतलेली कमान, खारोडीचा पिवळा बेसाल्ट, आणि जाळ्या ग्वाल्हेरहून आणलेल्या.

साम्राज्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर गेटवे अर्धवट राहिलेलं काम आहे. कमानीपासून शहरात सरळ घुसणारा रुंद रस्ता आखलेला होता. पैसे संपले आणि तो झाला नाही. म्हणून आजही गेटवेकडे जाणारा रस्ता कमानीच्या समोर येऊन थांबत नाही, तिच्याकडे तिरका येतो. मला वाटतं, या एका अपुरेपणाने गेटवेला वाचवलं. तो रस्ता झाला असता तर ही जागा मिरवणुकीची झाली असती: समुद्रातून सत्ता येणार, कमानीतून जाणार, सरळ रेषेत शहर कापत पुढे सरकणार आणि लोक दोन्ही कडांना उभे राहून पाहणार. दिल्लीत तसा रस्ता पुरा झाला. तिथे राज्य बदललं, नाव बदललं, पण त्या रस्त्याचा स्वभाव संचलनाचाच राहिला. मुंबईत रेषाच उमटली नाही. उरलं ते एक अंगण, ज्याच्या एका कडेला कमान, एका कडेला ताज आणि समोर समुद्र. अंगणात माणसं हवी तशी उभी राहतात, बसतात, फोटो काढतात, घारापुरीची आणि मांडव्याची लाँच पकडतात. अंगणावर कुणाची सत्ता चालत नाही.

म्हणून 28 फेब्रुवारी 1948 या दिवसाचं मला नवल वाटत नाही. सॉमरसेट लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनचे सैनिक त्या दिवशी याच कमानीतून चालत समुद्राकडे गेले, आणि ब्रिटिश फौजांची शेवटची तुकडी हिंदुस्थानातून गेली. येण्यासाठी बांधलेल्या दरवाजातून जाणं झालं. पुढे 26 जानेवारी 1961 रोजी समोरच्या बागेत शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा बसला. या दोन घटनांनी गेटवेचा अर्थ फिरवला असं म्हणतात, ते खरं आहे. पण अर्थ फिरवायला जागा मोकळी असावी लागते. चार बाजूंनी उघड्या कमानीत, दोन्ही अंगांना शेकडो माणसं मावतील एवढ्या दालनांत आणि भोवतीच्या अंगणात ती मोकळीक होती. इतकं नकाशाचं श्रेय या निरुपयोगी दरवाजालाही देता येतं. शोभेच्या बाबतीत मात्र तो मला संग्रहालयापेक्षा कमी वाटतो. गुजराती कमान इतकी फुगवली की ती आपलं नाजूकपण हरवून बसली, आणि जवळ गेलं की कोरीवकामात हाताची ऊब सापडत नाही.

बॅलार्ड इस्टेटबद्दल थोडक्यात सांगतो. अलेक्झांड्रा गोदी खणताना निघालेल्या मातीचा भराव घालून पोर्ट ट्रस्टने 22 एकर जमीन मिळवली आणि तिथे कचेऱ्यांची वसाहत वसवली. विटेटने इथे घुमटाचं नावही काढलं नाही. सगळं युरोपीय वळणाचं. काही इमारती त्याच्या, बाकीच्या इतरांच्या, पण सगळ्यांना एक शिस्त: दर्शनी भागाची सारखी धाटणी, जुळणारी उंची, रस्त्याच्या कडेला सलग भिंत. एकही इमारत ओरडून लक्ष वेधत नाही आणि तरीही, किंवा म्हणूनच, फोर्टमधल्या गर्दीतून तिथे वळलं की श्वास मोकळा होतो. ज्याने हे केलं त्याला ‘इंडो-सारासेनिक शैलीचा प्रवर्तक’ म्हणून एका खणात ठेवणं चूक आहे. मालकाने जो अंगरखा मागितला तो त्याने शिवून दिला. सरकारला स्मारकात देशी थाट हवा होता, पोर्ट ट्रस्टला व्यापाराला शोभेल असा लंडनी थाट. सरकारी नोकरी 1919 साली सोडून तो टाटांच्या बांधकाम कंपनीत गेला. 1924 साली उभं राहिलेलं त्यांचं मुख्यालय, बॉम्बे हाउस, हेही त्याचंच. तिथे गिऱ्हाईक देशी होतं आणि इमारत युरोपीय. शैलीवरून निष्ठा ओळखायची म्हटलं तर या माणसाच्या बाबतीत सगळेच आडाखे चुकतात.

विटेटला समजून घ्यायचं तर मी परळला जाईन, केईएम रुग्णालयात. सातव्या एडवर्डच्या नावाचं हे स्मारक आणि त्याला जोडलेलं शेठ गोरधनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय ही एकाच आवारातली दोन नावं आहेत आणि त्या दोन नावांत एक झगडा आहे. तोवर मुंबईत वैद्यकीय शिक्षण म्हणजे 1845 पासूनचं ग्रँट मेडिकल कॉलेज, आणि तिथल्या मानाच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या. गोरधनदास यांच्या विश्वस्तांनी देणगी देताना अट घातली: इथले प्राध्यापक पात्र हिंदी डॉक्टरच असले पाहिजेत आणि ते सरकारी नोकर नसले पाहिजेत. पैसे दिले तेही अधिकार मागून. राजाच्या नावाच्या इमारतीत स्वातंत्र्याचा असा कायदेशीर पाया घातला गेला. जीवराज मेहता पहिल्या काळातच तिथे डीन झाले. इमारत विटेटची.

गिरण्यांच्या वस्तीत गिरणी कामगारांसाठी बांधलेल्या या दगडी इमारतीत विटेटने हात आखडता घेतला नाही, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. संग्रहालयाला जशी उंची, तशी इथेही. रुग्णालय कसं बांधावं याचा तेव्हाचा नियम साधा होता: मोठ्या खिडक्या, उंच छत आणि समोरासमोरून आरपार जाणारा वारा, कारण प्रतिजैविकं यायला अजून बराच अवकाश होता आणि उजेड नि हवा हीच निम्मी औषधं होती. ज्याच्या खिशात पैसा नाही त्याच्या आजारपणालाही भव्यतेचा हक्क आहे, असं ही इमारत सांगते.  मूळ नकाशाने कधी कल्पिली नसेल एवढी गर्दी रोज तिथे येते. नवे मजले, नव्या इमारती भोवती उठल्या. तरी जुनी इमारत काम करते आहे. रुग्णालय 1926 साली सुरू झालं आणि त्याच वर्षी विटेट मुंबईत आमांशाने गेला. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. शिवडीच्या दफनभूमीत त्याला पुरलं.

इथे एक आक्षेप मला स्वतःलाच घ्यावा लागतो. अंगरखा आणि शरीर असा भेद केला की साम्राज्य फार स्वस्तात सुटतं. नकाशाही निरपराध नसतो. बॅलार्ड इस्टेटची शिस्त ज्या व्यापारासाठी होती, त्याचा नफा कुठे जात होता हे दादाभाई नौरोजींनी आधीच मांडून ठेवलं होतं. गेटवेसाठी भराव टाकला त्या अपोलो बंदरावर कोळ्यांची आणि लहान व्यापाऱ्यांची जा-ये होती. 21 लाख रुपये ज्या देशाने दिले, त्या देशात त्याच दशकात इन्फ्लुएंझाने लाखो माणसं मेली होती. हे सगळं खरं आहे आणि विटेटच्या कौतुकाच्या ओघात ते विसरता येणार नाही. तरीही एक फरक उरतो. ज्या हेतूने इमारत बांधली तो हेतू राज्यकर्त्यांबरोबर गेला, नफा कधीच खर्च झाला. नकाशा मागे राहिला, आणि त्याची किंमत आता आपल्याला मोजायची आहे की त्यातून काही शिकायचं आहे, हे आपण ठरवू शकतो. बोर्डावरचं नाव बदलणं हा आपला हक्क आहे. प्रिन्स ऑफ वेल्सच्या जागी शिवछत्रपतींचं नाव आलं ते योग्यच झालं. पण नाव बदलून झाल्यावर आपण थांबलो. त्या इमारतीने उजेड, सावली आणि गर्दी यांचा जो हिशेब मांडला तो आपल्या नव्या सार्वजनिक इमारतींत उतरवला नाही.

उलट, जतनाच्या कायद्यातही आपण अंगरख्याचीच काळजी घेतो. मुंबईची 1995 ची वारसा नियमावली देशातली अशी पहिलीच, आणि तिने शहर वाचवलं यात शंका नाही. पण खालच्या श्रेणीतल्या इमारतींच्या बाबतीत तिचा भर दर्शनी भागावर आहे, आत बदल करायला मुभा आहे. दर्शनी भिंत ठेवून आतलं सगळं उपसून काढलं तरी वारसा जपला, असं आपण मानायला शिकलो. सगळे बदल वाईट असतात असं नाही. विज्ञान संस्थेच्या आवारातलं विटेटचं कावसजी जहांगीर सभागृह आतून पूर्ण बदललं आणि 1996 साली तिथे राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय उघडलं. अर्धवर्तुळाकार सभागृहाच्या पोटात एकावर एक दालनं चढवली आहेत आणि ती जुन्या वळणाशी बोलतात, कारण बदलणाऱ्याने आधी जुना नकाशा वाचला होता. तसं वाचन दर वेळी होत नाही.

एक साधी गोष्ट सरकारने आणि महापालिकेने करावी. नवं रुग्णालय, नवं न्यायालय, नवं शासकीय भवन जाहीर होतं तेव्हा वर्तमानपत्रात त्याचं रंगीत चित्र छापून येतं: काचेची भिंत, निळं आकाश, समोर हिरवळ. त्या चित्राच्या जोडीला नकाशाही छापावा. रुग्णाचे नातेवाईक रात्री कुठे झोपणार, पावसात रांग कुठे उभी राहणार, वीज गेली तर वॉर्डात वारा कुठून येणार, स्ट्रेचर नेताना किती वळणं लागणार, हे त्यात दिसतं. आणि आराखडा करणाऱ्याचं नाव त्याखाली असावं, कंत्राटदाराचंही, म्हणजे पुढे जाब कुणाला विचारायचा ते कळेल. नकाशा वाचायला लोकांना येत नाही असं कुणी म्हणेल. घर विकत घेताना चारशे चौरस फुटांचा नकाशा बोट ठेवून वाचणाऱ्या मुंबईकराला रुग्णालयाचा नकाशा वाचता येणार नाही, हे मला पटत नाही.